पूर आलेल्या नदीच्या काठाने फिरायचंय? खान्देशातल्या नवख्यांसाठी

मोठा पाऊस झाला की आपल्याकडे अर्धं गाव पुलावर येऊन उभं राहतं, पाच मिनिटं पाणी बघायचं, व्हिडिओ काढायचा, स्टेटसला टाकायचा आणि घरी. मला वाटतं त्यात खूप काही बघायचं राहून जातं. आपल्या नद्या वर्षातले सात-आठ महिने वाळू, बाभळी आणि मधेमधे एखादा डोह एवढ्याच असतात, त्या खऱ्या अर्थाने वाहताना दिसतात ते थोडेच दिवस, आणि तेवढ्यात काठाने दोन-तीन तास हळूहळू चाललं तर नदी कशी काम करते हे जितकं समजतं तितकं कुठल्या पुस्तकातून समजत नाही. पण हे फिरणं साध्या मॉर्निंग वॉकसारखं नाहीये. दरवर्षी पावसाळ्यात कोणाचं तरी पोरगं फरशीवरून (नदीतल्या बुटक्या पुलावरून) वाहून गेल्याची बातमी येते आणि बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे बघा की पाणी कुठलं आहे

ही पायरी लोक सोडतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या डोक्यावर पडलेला पाऊस आणि तुमच्या समोरचं पाणी यांचा संबंध असेलच असं नाही. तापी निघते मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला, तिकडून बऱ्हाणपूर करत रावेर तालुक्यात येते, आणि चांगदेवला तिला पूर्णा मिळते जी अकोला-बुलढाण्याकडचं पाणी घेऊन आलेली असते, मग खाली हतनूर धरण, ४१ दरवाजांचं. म्हणजे भुसावळला कडक ऊन पडलेलं असतं, आठ दिवसांत थेंब पडलेला नसतो, आणि तापी दोन्ही थड्या (काठ) भरून चाललेली असते कारण पाऊस बैतूलला झाला किंवा विदर्भात झाला. असं दरवर्षी होतं तरी लोकांना दरवर्षी नवल वाटतं.

बाकी नद्यांचं पण असंच. गिरणा आणि पांझरा सह्याद्रीकडून येतात, वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून (अजिंठ्याची लेणी ज्या घळीत कोरलीयेत ती वाघूरचीच), तितूर आणि डोंगरी चाळीसगावच्या वरच्या डोंगरातून. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला जो पूर आला तो आठवत असेल, रात्री पाटणादेवी आणि कन्नड घाटाच्या बाजूला पाऊस कोसळला आणि सकाळी पाणी शहरात, शेकडो जनावरं गेली. आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती या नद्यांचा स्वभाव अजून वेगळा, लांबी कमी आणि उतार जास्त, त्यामुळे पाणी तासाभरात चढतं आणि तसंच उतरतं. तापी चढायला पण वेळ घेते आणि उतरायला पण. नवख्या माणसाने हा फरक समजून घ्यायलाच पाहिजे कारण सातपुड्याच्या नदीत तुम्ही कोरड्या गोट्यांवर उभे असताना वरून लोंढा येऊ शकतो, तापीवर सहसा तेवढं अचानक होत नाही, अपवाद धरणाचे दरवाजे उघडले तर.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री तीन गोष्टी बघा. एक, हवामान खात्याचा इशारा, तुमच्या जिल्ह्याचा आणि नदीच्या वरच्या जिल्ह्याचा पण. ऑरेंज किंवा रेड असेल तर विषय संपला, जायचं नाही. ते "जोरदार पाऊस" म्हणतात तेव्हा २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर, आणि "अतिजोरदार" म्हणजे ११५.६ च्या वर, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात वर्षभराचाच पाऊस सातशे मिमीच्या आसपास असतो, म्हणजे एका रात्रीत वर्षाचा सहावा हिस्सा पडला तर जमीन तो कुठे मुरवणार. दोन, धरणाचा विसर्ग. तो क्यूसेकमध्ये सांगतात, एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. "हतनूरमधून ५० हजार क्यूसेक" असं वाचलं की हिशोब करा, सेकंदाला १४ लाख लिटर झाले, दहा हजार लिटरचे १४० टँकर दर सेकंदाला. आणि आकड्यापेक्षा तो वाढतोय की कमी होतोय हे जास्त महत्त्वाचं, वाढत असेल तर प्लॅन पुढे ढकला. तीन, नदीच्या वरच्या गावातल्या ओळखीच्या कोणाला तरी एक फोन. हा उपाय सगळ्यात भरवशाचा.

कधी आणि कुठे

पाऊस चालू असताना नाही. पाऊस थांबून निदान एक रात्र गेलेली असावी, सकाळी लवकर निघायचं आणि दुपारच्या आत परत, कारण आपल्याकडे विजांचा पाऊस बहुतेक करून दुपारनंतरच जमतो. मोबाईलमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या हवामानवाल्या संस्थेचं आहे, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. आणि वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी लागले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, नदीकाठचा उघडा भाग सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा.

पहिल्या वेळेला जागा सोपी निवडा. धुळ्याच्या आसपासचे असाल तर पांझरा बरी, शहरात नदीच्या दोन्ही बाजूंनी रस्ते झालेत, देवपुरात एकवीरा देवीच्या मंदिराच्या बाजूने वरच्या रस्त्यावरून चाललं की नदी पूर्ण दिसते आणि पाण्याजवळ जायची गरज पडत नाही. फक्त वरती अक्कलपाडा धरण आहे आणि त्याच्याही वर लाटीपाडा, मालनगाव, जामखेली, ही सगळी भरली की पाणी खालीच येणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं होतं, अक्कलपाड्याचं पाणी सोडलं आणि शहरातले पूल पाण्याखाली गेले. तेव्हा विसर्ग चालू असताना हा रस्ता पण फिरायला नाही. थोडं लांब जायचं असेल तर शिंदखेडा तालुक्यात मुडावद, पांझरा धुळ्यापर्यंत पूर्वेकडे येते आणि मग उत्तरेला वळून तिथे तापीला मिळते, कपिलेश्वराचं देऊळ उंचावर आहे, तिथून संगम बघायला मिळतो. नंदुरबारकडच्यांना प्रकाशा, तिथे गोमाई तापीला मिळते. मुक्ताईनगरकडच्यांना चांगदेव. पण संगम बघायचा तो वरूनच. दोन्ही नद्यांना एकदम पाणी असलं की एकीचं पाणी दुसरीला मागे ढकलतं आणि फुगवटा शेतात आणि रस्त्यावर मागच्या बाजूने येतो, तुम्ही समोर बघत राहता आणि परतीची वाट पाण्यात.

सातपुड्यातले ओढे पहिल्या वेळेला नको. मन होईल कारण तिकडे हिरवं गच्च असतं, तरी नको.

काय घालायचं, काय घ्यायचं

जुने लेसचे बूट, खाली ग्रिप असलेले. चप्पल नाही, आणि गमबूट पण नाही, त्यात पाणी शिरलं की पाय उचलत नाही. आपल्या काळ्या मातीचं तर माहितीच आहे, दहा पावलांत बुटाला दोन-दोन किलो चिकटते, म्हणून शेताच्या मधून जायच्या ऐवजी मुरमाची किंवा गवताची वाट शोधा. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट. हातात काठी हवीच, ती साप हाकलायला नाही, पुढची जमीन चाचपायला. पाणी, शेंगदाणे-गूळ किंवा भाकरी-ठेचा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं. एकटं जायचं नाही, तीन जण चांगले, आणि घरी सांगून जायचं की कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत आणि किती वाजता परत. फोनमध्ये ११२, १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ सेव्ह करून ठेवा. लहान पोरं असतील तर वरच्या रस्त्यावरून किंवा देवळाच्या ओट्यावरूनच, काठाची वाट त्यांच्यासाठी नाही.

पोचल्यावर लगेच चालायला लागू नका

पहिली वीस मिनिटं एका जागी थांबा. वरूनच समोरचा एखादा दगड, पायरी किंवा झाडाचं बुड नजरेत धरा, जिथपर्यंत पाणी आलंय ते बघा, फोटो काढा आणि पंधरा मिनिटांनी परत तोच फोटो काढा. पाणी चढत असेल तर त्या दिवशी तिथूनच बघायचं आणि परत फिरायचं. काठावर कोणी म्हातारं माणूस गुरं घेऊन असेल तर विचारा, "आप्पा, पानी वाढी ऱ्हायनं का उतरी ऱ्हायनं?" त्याला खुणा पाठ असतात, कुठल्या दगडापर्यंत आलं की कुठली वाट बंद होते हे तो लगेच सांगतो. आणि तो म्हणाला की आज पुढे जाऊ नका तर नाही जायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

मग वेग मोजा, हे पोरांना पण खूप आवडतं. काठाच्या वरच्या वाटेवर दोन झाडं धरा, मधलं अंतर पावलांनी मोजा, एक पाऊल पाऊण मीटर धरलं तर चाळीस पावलं म्हणजे ३० मीटर. आता पाण्यातून वाहत येणारी एखादी फांदी पहिल्या झाडासमोर आली की घड्याळ सुरू, दुसऱ्यासमोर गेली की बंद. दहा सेकंद लागले तर पाणी सेकंदाला ३ मीटर, तासाला जवळपास ११ किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं, सायकल पण यापेक्षा जोरात जाते. पण वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून तर नुसतं वीतभर पाणी जोरात वाहत असेल तर मोठ्या माणसाचे पाय उखडतात आणि दोन फूट पाण्यात चारचाकी गाडी सरकते. हे एकदा स्वतः मोजलं की फरशीवरून पाणी असताना गाडी घालायची इच्छाच होत नाही.

चालताना

पाण्याच्या कडेने चालायचं नसतं, थडीच्या वरून चालायचं असतं, आणि वरून पण अगदी काठावर नाही. माझा अंदाज असा की थडी जितकी उंच आहे त्याच्या दुप्पट आत राहायचं, पंधरा फूट उंच असेल तर तीस फूट आत. तापीच्या दोन्ही बाजूंना गाळाची पिवळसर माती खूप खोलपर्यंत आहे, तिच्यात मोठमोठ्या घळी पडलेल्या असतात, आणि ही माती वरून टणक दिसली तरी खालून पाणी ती खात असतं. जमिनीत नदीला समांतर चीर दिसली की तो तुकडा निघालेला आहे असंच समजा.

इथे एक गोष्ट नवख्यांना हमखास उलटी वाटते. लोकांना वाटतं पूर ओसरला की धोका गेला. थडी मात्र जास्त करून पूर ओसरताना कोसळते. पूर असताना माती पाण्याने गच्च भरलेली असते पण समोरून नदीच्या पाण्याचा आधार असतो, पाणी पटकन खाली गेलं की आधार गेला आणि आत भरलेल्या पाण्याचं वजन तसंच राहिलं, मग अख्खी दरड धाडकन खाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काठावर बसून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर पाय घालायचा नाही, किती का कमी दिसेना, खालची फरशी जागेवर आहे की नाही हे गढूळ पाण्यात कळतच नाही. केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या आणि फडाच्या जुन्या दगडी बंधाऱ्यांच्या खाली तर लांबूनच बघा. पाणी बंधाऱ्यावरून पडतं आणि पायथ्याशी ते गोल फिरून परत बंधाऱ्याकडे येतं, त्यात सापडलेलं लाकूड तासन्तास तिथेच वरखाली होत राहतं, माणसाचं पण तेच होतं, पट्टीचा पोहणारा असला तरी. आणि पाणी ओसरल्यावर पात्रात उतरायचा मोह टाळा, वाळू उपसल्याचे खड्डे असतात, वर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल. गिरणेत आणि तापीत असे खड्डे भरपूर आहेत.

वाट पाण्याखाली गेली असेल तर वळसा घाला, वळसा नसेल तर परत फिरा.

बघायचं काय

आता मुख्य गोष्ट, कारण नुसतं पाणी बघून माणूस अर्ध्या तासात कंटाळतो.

पहिलं म्हणजे बाभळी बघा. काठच्या बाभळींच्या फांद्यांना गवत, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं असतं, काही तुमच्या डोक्याच्या वर. तो आधीच्या पुराचा लेव्हल मार्क आहे. सुकून पांढरं पडलेलं असेल तर मागच्या वर्षीचं किंवा त्याच्या आधीचं, ओलं आणि मातकट असेल तर या वेळचं. गवत कुठल्या बाजूने गुंडाळलंय त्यावरून पाण्याची दिशा पण कळते, आणि ती नेहमी नदीच्या सरळ दिशेने नसते, वळणावर पाणी शेतातून आडवं गेलेलं असतं. नकाशात निळी आणि लाल पूररेषा असते ना, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदाची, त्या रेषा जमिनीवर कशा असतात हे या बाभळी बघून डोळ्यासमोर येतं.

नदीचं वळण बघा. बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आणि थडी उभी कापलेली, आतल्या बाजूला पाणी मंद आणि तिथे गाळ-वाळू टाकलेली. एकाचं शेत जातं आणि समोरच्याचं वाढतं. खान्देशात नदीकाठी जमिनीचे जे जुने वाद ऐकतो त्यातल्या बऱ्याच वादांचं मूळ या वळणात असतं.

पांझरेवर असाल तर फडाचे बंधारे जरूर बघा (पुन्हा सांगतो, वरून). काही शे वर्षांची पद्धत आहे, नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, सगळं उतारावर चालतं, मोटार नाही की पंप नाही, गावाची जमीन फडांमध्ये वाटलेली आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी फिरवायला पाटकरी. पुराच्या वेळी पाणी या बंधाऱ्यांवरून सरळ निघून जातं, तसेच ते बांधलेत, आणि असं काही बांधणारी माणसं इथे होऊन गेली याचा मला खरंच अभिमान वाटतो.

पक्षी म्हणाल तर पुराच्या दिवसात मुख्य धारेत फार काही दिसत नाही. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही म्हणून कवड्या धीवर, जो एरवी नदीवर एका जागी फडफडत थांबून सूर मारतो, तो बाजूच्या नाल्यावर किंवा तळ्यावर सापडतो. बगळे मात्र पाण्याच्या कडेला रांगेने उभे, कारण शेतात पाणी शिरलं की बिळांतून किडे, गांडुळं, बेडूक सगळे बाहेर पडतात. टिटव्या ओरडत वरच्या रानात फिरतात. नाल्याच्या तोंडाशी बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकलेले असतील, अर्धवट विणलेले पण, नर पिवळाधमक झालेला असतो आणि मादी येऊन खोपा तपासून जाते, दुर्बिणीतून हे बघत बसलं तर तास कसा जातो कळत नाही. चातक आणि पावशा ऐकू येतील. साचलेल्या पाण्यात पिवळेजर्द मोठे बेडूक दिसले तर ते नर, पहिल्या जोराच्या पावसानंतर थोडेच दिवस तसे रंगतात.

मासे पण बघायला मिळतात. पूर आला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, चढणीचे मासे म्हणतात ते, लहान नाले आणि पाणी भरलेल्या शेतांपर्यंत जातात. नाल्याच्या तोंडाशी लोक जाळी लावून बसलेले असतात, त्यांच्याशी गप्पा मारा, कुठला मासा कधी चढतो हे त्यांच्याकडूनच शिकायचं.

साप-विंचवांबद्दल

बिळात पाणी गेलं की साप पण वर येतात, आणि वर म्हणजे तुम्ही चालताय तीच उंच कोरडी जागा. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विषारी आपल्या भागात आहेत. पुराने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, त्याच्यावर बसायचं नाही, गवतातून जाताना काठी आपटत जायचं. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं जिथे सापाच्या विषावरची लस असते, १०८ ला फोन करायचा. भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका, कृपा करून.

शेतं आणि माणसं

ज्या काठाने आपण मजेत फिरतो तिथे कोणाची केळी आडवी झालेली असते, कोणाच्या कपाशीत पाणी उभं असतं. विचारून जा, पिकातून चालू नका, आणि कोणी पंचनाम्याची वाट बघत बसलेलं असेल तर त्याच्या शेतात उभं राहून सेल्फी काढू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खान्देशातली देवी) बसते आणि सोमवारी विसर्जनाला गावंच्या गावं नदीवर येतात, नेमके पुराचे दिवस असतात ते, तेव्हा घाटावर गर्दी करण्यापेक्षा दोराजवळ उभ्या असलेल्या पोरांना मदत केली तर बरं.

घरी आल्यावर

पुराच्या पाण्यात गुरांचं, उंदरांचं, गटाराचं सगळं मिसळलेलं असतं. पाय साबणाने घासून धुवा, कुठे खरचटलं असेल तर साफ करून औषध लावा, गंज लागलेलं काही टोचलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात गेलो होतो हे आवर्जून सांगा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) असू शकतो आणि लवकर कळला तर औषधाने बरा होतो. बूट उन्हात ठेवायच्या आधी आतला गाळ काढा आणि घालताना झटकून घाला, विंचू ओल्या बुटात बसतो.